मानाची पहिली ओळ

निवृत्तीनंतर माणसाला घरात कोणी विचारत नाही, असे सांगणारे लोक अर्धेच सांगतात. मताची किंमत जाते हे खरे. मान मात्र वाढतो. पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षे अभियंता होतो आणि त्या काळात माझ्या सहीशिवाय कालव्याचे दार उघडत नसे. आता येरवड्याच्या आमच्या सोसायटीत माझे मत आमटीत मीठ किती असावे एवढ्यापुरते घेतले जाते. तेही सूनबाईने मीठ घातल्यानंतर. ताट मात्र पहिले मला वाढतात.

त्यामुळे नातीने बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी याविषयी माझे मत विचारण्यात आले, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

मुलाने आणि सुनेने त्यापूर्वी सर्व शास्त्रीय उपाय करून पाहिले होते. मुलगा खराडीच्या एका कंपनीत आहे. तिथे तो नेमके काय करतो हे त्याने मला तीनदा सांगितले आहे. चौथ्यांदा विचारण्याचे मला धैर्य झालेले नाही. त्याने मुलीची कलचाचणी करवून घेतली. चाचणीचा बावीस पानी रंगीत अहवाल आला. मुलीला माणसांत रस आहे, वस्तूंतही आहे, ती एकट्याने चांगले काम करते आणि गटातही करते, असे त्यात लिहिले होते. भिंतीवरच्या पंचांगाने एवढे सांगितले असते. आई-वडिलांनी तो अहवाल दोनदा वाचला आणि त्यातून संगणक हा निष्कर्ष काढला. तो शब्द अहवालात कुठेही नव्हता.

ज्या मुलीसाठी हे चालले होते, तिला काय हवे हे तिने मार्चमध्येच सांगून टाकले होते. तिला धातुशास्त्र हवे होते.

याचे कारण मला ठाऊक होते, कारण मी तिथे उभा होतो. आदल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचे ड्रेनेजचे लोखंडी झाकण वाळूच्या ट्रकखाली फुटले. सरळ दोन तुकडे. सोसायटीतले लोक महापालिकेला शिव्या देऊन आपापल्या कामाला गेले. ही शिकवणीहून आली, सायकल भिंतीला लावली आणि रस्त्यात उकिडवी बसून फुटलेली कड पाहू लागली.

"आजोबा, हे आतून असं करडं का आहे? आणि वाकलं का नाही? ताटली वाकते, गज वाकतो. हे सरळ तुटलंच कसं?"

"ऊठ आधी. लोक बघताहेत."

"पण का फुटलं?"

"फुटायचं होतं म्हणून फुटलं," मी म्हणालो.

अभियंत्याने दिलेल्या उत्तरांत हे उत्तर बरेच खालच्या दर्जाचे होते. तिने ते स्वीकारले नाही. झाकणाच्या कडेपासून सुटलेला नारळाएवढा एक तुकडा तिने दप्तरात घालून घरी आणला. सूनबाईने तो दोनदा गॅलरीतून खाली टाकला. दोन्ही वेळा तो परत आला. पुढे तिने कुठून कुठून वाचून काढले ते तिचे तिला माहीत. पण मार्चमध्ये तिने जेवताना सांगितले, "मला मेटलर्जी घ्यायचंय," तेव्हा घरात जी शांतता पसरली, ती आमच्याकडे एरवी फक्त लाईट गेल्यावर पसरते.

"मेटलर्जी?" मुलगा म्हणाला. "त्यात स्कोप काय आहे?"

"तुम्ही ज्या खुर्चीवर बसलाय, बाबा, त्या खुर्चीत आहे."

"खुर्ची दुकानात मिळते. पॅकेज कुठे मिळतं ते बोल."

सूनबाईचे माहेर पुण्याजवळच्या मांजरी गावचे. तिचा थोरला भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, पूर्वी ऊस लावत असे. आता त्याच जमिनीवर इमारती लावतो. पीक चांगले येते. बातमी कळताच तो त्या रविवारी हजर झाला.

"काय गं, मी ऐकलं ते खरं हाय का? भंगाराचं दुकान टाकणार म्हनं तू?"

"धातुशास्त्र आहे ते, मामा."

"तेच की. आमच्या साईटवर येतो तो भंगारवाला, त्याला इचारते का? त्यो काय शिकलाय, सांगंल तुला."

"तो तुमचे गज भंगारात नेतो ना मामा, ते आधीच गंजलेले असतात. मी बघितलेत. त्यांतलेच स्लॅबमध्ये गेलेत. त्या स्लॅबखाली राहणाऱ्यांना सांगितलंत का?"

मामा मोठ्याने हसला आणि विषय बदलला. त्याचे म्हणणे असे होते की, वाघोलीच्या एका महाविद्यालयात त्याची ओळख हाय, त्याच रस्त्याला त्याचा एक रिकामा फ्लॅट हाय आणि तिथे एआय हाय. या तीन गोष्टी एका ठिकाणी जुळून आल्यावर शिक्षणाचा प्रश्न त्याच्या मते सुटला होता.

मला यातले काहीच विचारले गेले नाही आणि मी बोललो नाही. माझी शाखा मी कशी निवडली हे सांगण्यासारखे नव्हतेच. वडील मला घेऊन प्रवेशाच्या खिडकीशी उभे होते. कारकुनाने मान वर न करता विचारले, सिव्हिल की मेकॅनिकल. मागून रांग रेटत होती. वडील म्हणाले, सिव्हिल. बसचे तिकीट काढायला याहून जास्त वेळ लागतो. ते काम मी पुढे चौतीस वर्षे केले. आवडले का, असे मला कोणी विचारले नाही आणि मीही त्या चौकशीत पडलो नाही. धरणाला अभियंत्याच्या आवडीनिवडीशी कर्तव्य नसते.

माझे मत विचारण्याचा प्रसंग आला तो विकल्प अर्जाच्या आदल्या दिवशी. मी वर्तमानपत्र वाचत होतो. सूनबाईने चहा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, उद्या हिचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. तुम्हाला काय वाटतं? कुठली ब्रँच घ्यावी?"

"या शहरात एक रस्ता धड नाही," मी वर्तमानपत्रातून म्हणालो. "सिव्हिलला माणसं हवीत, असं दिसतंय."

हे मत नव्हते. हा टोमणा होता आणि तो महापालिकेला होता. परंतु आमच्या घरात मी बोललेले सगळे आधी पाटावर ठेवले जाते आणि मग त्याची पूजा होते. संध्याकाळपर्यंत आजोबांची इच्छा सिव्हिलची आहे, हे मांजरीपर्यंत पोहोचले होते.

विकल्प अर्ज ज्यांनी भरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विद्यार्थ्याने महाविद्यालये आणि शाखा आपल्या पसंतीच्या क्रमाने लिहायच्या असतात. यंत्र वरून खाली वाचत जाते आणि गुणांत बसणारी पहिली जागा देऊन मोकळे होते. त्यामुळे सगळ्यात वर काय लिहायचे, याला अर्थ असतो. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली आहे. ती पुस्तिका घरात फक्त मी वाचली होती. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, तांबडी पेन्सिल घेऊन. सरकारी कागद वाचण्याची ही एकच पद्धत मला येते. एका नियमाखाली मी दोन रेघा मारल्या. पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती जागा आपोआप पक्की होते. नंतर बदल मागता येत नाही. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतूनही माणूस बाहेर.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडण्यात आला. मामा मुद्दाम आला होता. मुलगा टंकलेखनाला बसला, नात त्याच्या शेजारी आणि मी नेहमीच्या खुर्चीत.

आणि मग जे भरले गेले तो पसंतीक्रम नव्हता. ती लग्नपत्रिका होती.

"एक नंबरला बाबांचं टाकू," मुलगा म्हणाला. "जुनं कॉलेज, सिव्हिल."

"मानाचं हाय ते," मामा म्हणाला. "मोठ्या मान्साचं वरच पायजे."

"दोन नंबरला त्याच कॉलेजचं कॉम्प्युटर. ते काही लागायचं नाही, पण मनात राहायला नको."

"माझं खाली टाका कुठं बी," मामा म्हणाला. "मी काय मानापानाचा भुकेला न्हाय." मग कितव्या ओळीत टाकतात ते तो वाकून पाहू लागला.

"मामा, तुमचं माझ्यानंतर," नात म्हणाली. "तीन नंबरला मेटलर्जी. त्याच कॉलेजचं. ते माझ्या पर्सेंटाइलला लागतं, मी तीन वर्षांचे कट-ऑफ काढलेत. चारला आईचं आयटी. पाचला वाघोली."

म्हणजे ज्येष्ठ वर, वडील त्याखाली, मग जिच्यासाठी हा समारंभ ती, मग आई आणि शेवटी मामा. पत्रिकेत निदान वधूचे नाव मोठ्या अक्षरांत छापतात.

"पण बाबा, पहिलं लागलं तर?" तिने वडिलांना विचारले.

"अगं, लागत नाही ते. कट-ऑफ बघितलीस ना? वर ठेवलं तर आजोबांना बरं वाटतं, एवढंच. आपलं काय जातंय?"

तिने माझ्याकडे पाहिले. "आजोबा, पुस्तिका तुम्ही वाचलीत. लागलंच चुकून, तर पुढच्या राउंडला बदलता येतं ना?"

पुस्तिका माझ्या मांडीवर होती. दोन तांबड्या रेघांचे पान कितवे, हे मला न उघडता सांगता आले असते.

मी म्हणालो, "आधी लागू तर दे."

पुण्यात अशा वाक्याला उत्तर समजतात. मामा हसला. मुलाने हसत पुढचे बटण दाबले. नातीच्या फोनवर ओटीपी आला, तिने सहा आकडे वाचून दाखवले आणि अर्ज कुलूपबंद झाला.

मी असे का केले, याचा खुलासा मी स्वतःकडे अनेकदा मागितला आहे. लागणार नाही असे मलाही वाटत होते, हे एक कारण. पण पूर येणार नाही असे गृहीत धरून मी आयुष्यात एकाही धरणाचा सांडवा लहान काढलेला नव्हता. तेव्हा हे कारण मी खात्यात चालवून घेतले नसते. दुसरे कारण साधे आहे. माझी शाखा कोणीतरी पहिल्या क्रमांकावर लिहिली होती. माझ्या वडिलांनीसुद्धा ती मागच्या रांगेला घाबरून घेतली होती. पडद्यावरची ती पहिली ओळ मला बरी दिसत होती. ती दुपारभर तशीच राहावी असे मला वाटले. एवढेच.

त्या वर्षी जगातले सगळे संगणकाकडे धावले आणि जुन्या महाविद्यालयातली सिव्हिलची यादी कधी नव्हे एवढी खाली उतरली. यंत्राने पहिली ओळ वाचली, जागा दिली आणि पुढच्या ओळी वाचण्याचे कारण त्याला उरले नाही.

"बाबा! तुमचंच लागलं!" मुलगा ऑफिसातून फोनवर ओरडला. लॉटरी लागावी तसा. सूनबाईने पेढे आणले. पहिला पेढा मला. मामाचा फोन आला, "काका, अभिनंदन हाय तुमचं!" शेजारच्या बाईही येऊन माझेच अभिनंदन करून गेल्या. परीक्षा दिलेली मुलगी दारात उभी होती. तिच्या हातावर पेढा कोणी ठेवला की नाही हे मी पाहिले नाही. पाहायला हवे होते.

संध्याकाळी मुलगा घरी आला आणि पुढच्या फेरीची तयारी करावी म्हणून त्याने प्रथमच नियम उघडला. मग त्याच्या खोलीतून नवरा-बायकोचे आवाज येऊ लागले. आमच्या इमारतीच्या भिंती मी बांधलेल्या नाहीत. त्यामुळे पलीकडचे सगळे ऐकू येते. कॉम्प्युटरचा राउंड गेला, असे सून म्हणत होती. मला काय माहीत, असे मुलगा म्हणत होता. मेटलर्जी गेली, असे कोणी म्हणत नव्हते.

नात गॅलरीत माझ्याकडे आली. हातात माझी पुस्तिका होती, पान उघडलेले. तिने ते माझ्यासमोर धरले. रेघा तांबड्याच होत्या.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"फॉर्म भरताना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि पुस्तिका माझ्या टेबलावर, कडेला समांतर, नीट ठेवून आत गेली. तिने आदळली असती तर मला बरे वाटले असते.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागली. चहा आणून ठेवला, साखर बरोबर. वर्तमानपत्र घडी करून दिले. प्रश्न मात्र एकही विचारला नाही. सात वर्षांची असल्यापासून ही मुलगी मला दिवसाला किमान दहा प्रश्न विचारून हैराण करीत आली होती आणि मी त्याबद्दल सतत तक्रार करीत असे. तक्रारीची दखल घेतली गेली होती.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "नाकार ती जागा."

"आणि मग? वर्षभर घरी बसू? तुमच्यासोबत?"

मी विचार केला. "सिव्हिल बरं," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी." तिने फी भरण्याची तारीख विचारली. ज्याला उत्तर हवे होते असा तो तीन दिवसांतला पहिला प्रश्न.

महाविद्यालयाची नियमावली तिच्याआधी मी मिळवली आणि वाचून काढली. पहिल्या वर्षाचा अभ्यास सर्व शाखांना बहुतेक एकच. वर्ष संपल्यावर दुसऱ्या शाखेत जागा रिकामी असेल आणि गुण पुरेसे असतील, तर शाखाबदलाचा अर्ज करता येत होता. मी हे तिला सांगितले.

"नियम पूर्ण वाचलात ना या वेळी?" तिने विचारले.

"मोठ्याने वाचतो. तू ऐक."

मी वाचला. सर्व पोटकलमे, तळटीपा आणि छपाईच्या दोन चुकांसह. जागा किती रिकाम्या राहतील याची हमी नाही, हे वाक्य मी दोनदा वाचले. ती भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आता कळलं तुमच्या हाताखालचे लोक लवकर का निवृत्त झाले." मला ते वाक्य वाईट वाटले नाही, एवढे नमूद करतो.

वर्षभर ती सकाळी सातच्या बसने गेली आणि संध्याकाळी आली. घरी आल्यावर दार लावून बसे. मी अभ्यासात काही मदत केली, असे म्हणता येणार नाही. शिकवायला बसलो असतो, तर मी तिला गप्प बसवले असते. मी फक्त दूरदर्शन संच बंद ठेवला. त्यावरच्या बातम्या न ऐकल्याने माझी प्रकृती सुधारली.

निकाल चांगला लागला. शाखाबदलाचा अर्ज आला. आणि तिथे हे प्रकरण पुन्हा अडले.

अर्जावर पालकाची सही हवी होती. मुलगा सही करीना. आज करतो, उद्या करतो. तीन दिवस अर्ज फ्रिजवर पडून होता आणि मुदत सोमवारी संपत होती. शनिवारी भिंतीपलीकडून कारण ऐकू आले.

"अगं, बाबांनी आयुष्य काढलं त्या ब्रँचमध्ये," तो बायकोला सांगत होता. "वर्षात ही सोडून निघाली, तर त्यांना काय वाटेल? वरून काही बोलणार नाहीत ते, पण मनाला लागेल. या वयात बरं दिसतं का? चाललंय ना तिचं चांगलं. राहू दे."

म्हणजे माझा मान अजून पहिल्या ओळीतच बसून होता आणि उठायला तयार नव्हता. तो मला कोणी मागितला असता, तर मी केव्हाच दिला असता. पण मान मागण्याची आमच्याकडे पद्धत नाही. तो फक्त देतात.

रविवारी मामा जेवायला होता. मांजरीहून वांगी घेऊन आला होता. पानावर सगळे बसले. पहिले ताट मला वाढण्यात आले. मी वाट पाहिली नाही; पाहिली असती, तर बोललो नसतो.

"त्या अर्जावर सही का होत नाही?" मी मुलाला विचारले.

"करतो की बाबा. बघू."

"माझ्यासाठी थांबला असशील, तर ऐक. मागच्या वर्षी पहिली ओळ लागली की सुटत नाही, हा नियम मला माहीत होता. पुस्तिकेत रेघा मारल्या होत्या. हिने मला सरळ विचारलं आणि मी हिला सांगितलं नाही."

मुलाचा घास हातात राहिला. सूनबाईने माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे. मुलगी पानाकडे पाहत होती. तिने वर्षभरात हे कोणाला सांगितले नव्हते, हे मला त्या क्षणी समजले. मी आजवर असे धरून चाललो होतो की, तिने आईला तरी सांगितले असेल आणि सगळे मला सांभाळून घेत असतील.

"म्हंजी काका," मामा सावकाश म्हणाला, "तुमी पोरीला फशिवलं की."

"हो."

"माहीत असून?"

"माहीत असूनच. माहीत नसतं तर त्याला चूक म्हणतात."

"पण का, बाबा?" मुलगा म्हणाला.

"वर नाव बरं दिसत होतं."

मामा पाणी प्याला. पाटबंधारे खात्यातल्या चौतीस वर्षांत माझ्यावर तीन चौकशा झाल्या आणि तिन्हींत मी निर्दोष सुटलो. इथे चौकशी अर्ध्या मिनिटात आटोपली.

"पेन कुठंय?" शेवटी सूनबाई म्हणाली. ती उठली, फ्रिजवरून अर्ज आणला आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने डाव्या हाताने ताट सरकवले, उजवा हात पुसला आणि सही केली. अर्जावर वांग्याच्या रश्शाचा एक डाग पडला. तो पुढे महाविद्यालयाने चालवून घेतला.

अर्जात कारणासाठी पाच ओळी होत्या. जेवणानंतर नात अर्ज घेऊन माझ्याकडे आली. सरकारी मजकूर मला चांगला साधतो, हे घरात मान्य आहे.

"काय लिहू?"

"मूळ पसंतीक्रम भरताना घरातील ज्येष्ठाने माहिती दडवली."

"आजोबा, असं कोणी लिहितं का?"

"खरं आहे."

"खरं आहे, पण ते तुमचं कारण आहे. माझं नाही." तिने पेन उघडले आणि माझ्याच टेबलावर वाकून एक ओळ लिहिली. मला धातू का तुटतात हे शिकायचे आहे. उरलेल्या चार ओळी तिने कोऱ्या सोडल्या. मजकुराच्या दृष्टीने ते माझ्याहून चांगले होते. तसे मी तिला सांगितले नाही.

धातुशास्त्रात दोन जागा रिकाम्या होत्या. गुणांच्या यादीत ती दुसरी आली. या वेळी पेढे आणले गेले, तेव्हा मी पहिला पेढा घेतला नाही. सूनबाईचा हात क्षणभर हवेत राहिला, मग मुलीकडे वळला. जेवणाचे पहिले ताट मात्र अजून मलाच वाढतात. सगळे एका वर्षात सुधारेल, अशी अपेक्षा मी करीत नाही.

मामा आता सगळ्यांना सांगत असतो की, भाची लोखंडातली डॉक्टर होणार हाय. त्याच्या साईटवर गज येतात तेव्हा तो तिला फोटो पाठवून इचारतो. ती उत्तर देते. काही गज परत गेले आहेत, असे मी ऐकतो.

गेल्या महिन्यात ती गॅलरीत माझ्याजवळ बसली होती. तो झाकणाचा तुकडा कुंडीखाली टेकू म्हणून लावलेला आहे. सूनबाईला त्याचा अखेर उपयोग सापडला. नातीने तो काढला, फुटलेली कड पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ओतीव लोखंड आहे. आत ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात, सगळीकडे पसरलेले. म्हणून करडं दिसतं. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक चीर समजा. वरून दाबलं तर कितीही वजन घेतं. पण खालून आधार सरकला आणि ताण आला, की वाकता येत नाही त्याला. म्हणून सरळ तुटतं."

मी तुकडा उलटसुलट करून पाहिला. चौतीस वर्षांत अशी शेकडो झाकणे, दारे, चाके माझ्या हाताखालून गेली होती. आत काय आहे हे मी कधी विचारले नव्हते. पुरवठादाराचे प्रमाणपत्र पाहिले की आमचे काम संपे.

"आता फाटकासमोर सिमेंटचं बसवलंय," मी म्हणालो.

"त्यालाही तडा गेलाय. सकाळी बघितला मी." तिने तुकडा परत कुंडीखाली सरकवला आणि भिंतीला टेकून बसली. "ते का फुटतं? ते तुमच्या सिव्हिलकडे येतं."

मी चष्मा काढला, पुसला आणि सांगायला लागलो. या वेळी पूर्ण सांगितले.